गोलसरासरी, गोलफरक की एकूण गोल?

प्रश्न: चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या फुटबॉल क्लबांच्या स्पर्धेच्या बातमीत ‘६-५ अशा गोलसरासरीने विजय’ अशा थाटाचं वाक्य वाचलं की अडखळायला होतं. सरासरी म्हटली की भागाकार आला. इथे कशाला कशाने भागलंय? आणि ‘विक्रम’ नि ‘उच्चांक’ हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का?

उत्तर: शंका रास्त आहे. इथे भागाकार नाहीच, निव्वळ बेरीज आहे. अंतिम सामना सोडला, तर बाद फेरीत दोन संघ एरवी दोनदा भिडतात, एकदा घरच्या मैदानावर आणि एकदा परक्या, आणि दोन्ही सामन्यांतले गोल एकत्र धरतात. फेब्रुवारी २०१७ मध्ये पॅरिसला पीएसजीने (पॅरिस सेंट-जर्मेन) बार्सिलोनाला ४-० असं लोळवलं. ८ मार्चला कॅम्प नाऊ या आपल्या मैदानावर बार्सिलोनाने ६-१ अशी परतफेड केली. झाले ६-५. पहिल्या सामन्यातली चार गोलांची पिछाडी या स्पर्धेत त्याआधी कुणीच भरून काढली नव्हती. एवढ्या मोठ्या सामन्याच्या बातमीत तरी गणित चुकू नये.

गोलसरासरी ही वेगळीच गोष्ट. इंग्लिश लीगमध्ये १९७६ पर्यंत दोन संघांचे गुण सारखे झाले, तर केलेल्या गोलांना स्वीकारलेल्या गोलांनी भागत. पुढे तिथे वजाबाकी आली, तो गोलफरक. समजा एका संघाने ४० गोल केले आणि २० स्वीकारले, दुसऱ्याने ६० केले आणि ४० स्वीकारले. फरक दोघांचा २०च, पण भागाकार पहिल्याचा २ आणि दुसऱ्याचा १.५. म्हणजे नुसत्या शब्दाच्या निवडीने क्रमवारी बदलते.

माझ्या मते ‘दोन्ही सामने मिळून ६-५’ हेच लिहावं.

दुसरं उत्तर: मथळ्यात एवढी जागा नसते. ‘एकूण ६-५’ पुरतं. मात्र बेरीज बरोबरीत सुटली तर काय, हे २०२१ पर्यंतच्या सामन्यांबद्दल लिहिताना सांगावंच लागतं. तेव्हा परक्या मैदानावरच्या गोलांना जास्त वजन होतं. पीएसजीच्या कवानीने बार्सिलोनात गोल केला, त्यामुळे ५-५ होऊनही बार्सिलोना बाहेरच गेलं असतं. म्हणून तर बार्सिलोनाच्या सर्जी रोबेर्तोचा ९५व्या मिनिटाचा गोल निर्णायक ठरला.

आता विक्रम आणि उच्चांक. विक्रमात पराक्रम आहे. रेआल माद्रिदची या स्पर्धेतली १५ विजेतेपदं, त्यातली पहिली पाच १९५६ ते १९६० अशी ओळीने, हा विक्रम. उच्चांक हा नुसता आकडा. १९७० साली ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कवर याच स्पर्धेच्या सेल्टिक-लीड्स उपांत्य सामन्याला १,३६,५०५ प्रेक्षक होते. तो गर्दीचा उच्चांक, त्यात कुणी मर्दुमकी गाजवली नाही. युव्हेंटस या स्पर्धेचे सात अंतिम सामने हरलं आहे, त्याला विक्रम म्हणणं मला तरी क्रूर वाटतं. सात वेळा तिथवर पोहोचलेल्या संघाची ती थट्टा होते. ‘सर्वाधिक सात पराभव’ असं सरळ लिहावं.

प्रश्नकर्ता: पटलं. मग क्रिस्तियानो रोनाल्डोचे या स्पर्धेतले गोल कुठे १४० तर कुठे १४१ का दिसतात?

उत्तर: मुख्य स्पर्धेत १४०. ऑगस्ट २००५ मध्ये मँचेस्टर युनायटेडकडून डेब्रेत्सेन या हंगेरीच्या संघाविरुद्ध केलेला एक गोल पात्रता फेरीतला, तो धरला की १४१. दोन्ही आकडे खरे आहेत. ‘पात्रता फेरीसह’ हे दोन शब्द गाळले, की वाचकाला एक आकडा खोटा वाटतो.

आणखी एक मत: याच ओघात ‘अजिंक्यपद’ही तपासा. रेआल माद्रिदने २०२२ मध्ये करंडक उचलला, पण त्या हंगामात ते शेरिफ, पीएसजी, चेल्सी आणि मँचेस्टर सिटी यांच्याकडून एकेक सामना हरले होते. चार पराभव पचवून विजेता झालेला संघ अजिंक्य कसा? मी तिथे ‘विजेतेपद’ लिहितो. २०१९-२० मध्ये बायर्न म्युनिकने सगळेच्या सगळे ११ सामने जिंकले, बार्सिलोनाला तर ८-२ हरवलं. अजिंक्यपद हा शब्द मी बायर्नसाठी बिनदिक्कत वापरेन.