लॉरा डीनला शिक्षाच नाही? (आणि मावशीला पडलेले प्रश्न)

निवांत_मावशी:
भाचीने (वय १६) सुट्टीत एक ग्राफिक नॉवेल हातात दिलं, म्हणाली वाच मग बोलू. मारिको तामाकीचं 'लॉरा डीन कीप्स ब्रेकिंग अप विथ मी', चित्रं रोझमेरी वालेरो-ओकॉनेलची, २०१९ चं. बर्कलीतली १७ वर्षांची फ्रेडी, तिची गर्लफ्रेंड लॉरा डीन, जी हिला सोडते, परत बोलावते, परत सोडते, आणि ही बया प्रत्येक वेळी जाते!! व्हॅलेंटाइनच्या डान्सला ती दुसरीच्या गळ्यात पडलेली दिसते तरी जाते. मला वाचताना इतका राग आला की दोनदा पुस्तक बाजूला ठेवलं. पण शेवटी लॉराचं काहीच वाकडं होत नाही, हे काय? आणि दुसरं, आधीच लोक समलिंगी मुलामुलींना नावं ठेवायला टपलेले असतात, मग त्यांच्याच पुस्तकात असलं नातं दाखवायची काय गरज? भाचीशी काय बोलू कळेना.

पानपलट्या:
दाखवायची गरज आहे असं मला वाटतं. यात फ्रेडीला घरचे छळतात, शाळा छळते असलं काहीच नाहीये बघा, ती कुणापासून लपून नाही, तिला कुणी अडवत नाही. म्हणजे दोष समाजावर ढकलायची सोयच ठेवली नाही, त्रास होतोय तो निव्वळ लॉराच्या वागण्यामुळे. उलट 'हार्टस्टॉपर' (दोन मुलांच्या प्रेमाचं ग्राफिक नॉवेल) मधला बेन घ्या, तो नायकाला, म्हणजे चार्लीला कोपऱ्यात गाठणार आणि चारचौघांत ओळख नाही दाखवणार, त्याच्यामागे निदान आपण मुलांवर प्रेम करतो हे उघड होण्याची भीती तरी आहे (माफ नाहीच, पण कळतं तरी). लॉराला कसली भीती? काहीच नाही. ती गोड आहे, दिसायला भारी आहे आणि तिला कधी कुणी नाही म्हटलेलं नाही, बास. असली माणसं मुलामुलींच्या जोड्यांतही ढिगाने सापडतात की.

उसवलेला_टाका:
तुम्ही दोघं लॉरावरच अडकलात 😄 मला हे पुस्तक डूडलचं वाटतं. फ्रेडीची जिवाची मैत्रीण, ती प्रेग्नंट असते आणि फ्रेडीला पत्ताच नाही, का तर हिचं सगळं लक्ष फोनवर, लॉराचा मेसेज आला की ठरलेलं सगळं सोडून पळायचं. म्हणजे लॉरा हिच्याशी जशी वागते तशीच ही डूडलशी वागायला लागते, फक्त हिला ते दिसत नाही. मी स्वतः कॉलेजात एकासाठी असाच पळायचो, तो दोन दोन आठवडे गायब आणि मग रात्री एक वाजता 'जागा आहेस का'. त्या वर्षात माझे दोन मित्र तुटले, तेव्हा मला वाटायचं त्यांनाच माझं सुख बघवत नाही. त्यातला एक अजूनही बोलत नाही.

पानपलट्या:
हो, हे मी धरलंच नव्हतं. चित्रांचं पण बोला ना कुणीतरी, सगळं काळं-पांढरं-करडं आणि त्यात एकच गुलाबी. आणि फ्रेडी जुनी खेळणी उसवून एकाचं डोकं दुसऱ्याच्या धडाला शिवते, ती खेळणी मधेच बोलतात पण! आयस्नर (कॉमिक्सचं मोठं बक्षीस) उगीच नाही मिळालं २०२० ला.

निवांत_मावशी:
@उसवलेला_टाका तुमचं वाचून जरा गप्पच झाले. शिक्षेचा मुद्दा मागे घेते, फ्रेडी शेवटी स्वतः 'बास' म्हणते आणि लॉरा आहे तशीच राहते, खऱ्यातही असंच होतं म्हणा. काल भाचीला विचारलं तुला यातलं कोण आवडलं, ती पटकन म्हणाली डूडल, आणि मग विषय बदलून चहा टाकायला गेली. मी काही खोदून विचारलं नाही. आता दुसऱ्यांदा वाचतेय, डूडल मागे कुठे कुठे उभी आहे तेवढंच बघत. भाची विचारतेय पुस्तक परत कधी देतेस, म्हटलं थांब गं जरा.