आखाडात उरलेले मटण दीड महिना टिकवता येईल का?

प्रश्न :
येत्या रविवारी आमच्याकडे आखाडाचे जेवण आहे. पाच किलो मटण शिजेल आणि दरवर्षीप्रमाणे अर्धे पातेले रस्सा व थोडे सुके उरेल. त्यानंतर श्रावण लागतो आणि गणपतीचे विसर्जन होईपर्यंत आमच्या घरी कोणी मटण खात नाही, म्हणजे उरलेले जवळजवळ दीड महिना ठेवावे लागेल. सासूबाईंच्या पद्धतीप्रमाणे पातेले रात्रभर ओट्यावर निवते, सकाळी त्याला उकळी आणतात आणि मग ते फ्रीजरमध्ये जाते. मागच्या वर्षी असाच ठेवलेला रस्सा खाल्ल्यावर घरातल्या दोन मुलांना रात्रभर जुलाब झाले, म्हणून विचारते आहे.

उत्तर १ :
ताई, मला फ्रीजरपेक्षा ओट्यावरच्या त्या रात्रीची अधिक काळजी वाटते. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जिवाणूचे बीजाणू मटण शिजवतानाच्या उष्णतेतही तग धरतात, आणि मोठ्या पातेल्यातला दाट रस्सा तासन्‌तास कोमट राहतो तेव्हा, विशेषतः ४३ ते ४७ अंश सेल्सिअसच्या आसपास, ते रुजून फार वेगाने वाढतात. सकाळच्या उकळीने हे वाढलेले जिवाणू मरतात. परंतु हातांवरून अन्नात गेलेल्या स्टॅफिलोकोकस या दुसऱ्या जिवाणूने रात्रीत विष तयार केले असेल, तर ते उकळूनही जात नाही आणि वासावरून ओळखताही येत नाही. गोठवल्याने जिवाणूंची वाढ थांबते, ते सगळे मरत नाहीत.

म्हणून ठेवायचा वाटा पंगत बसण्यापूर्वीच स्वच्छ डावाने वेगळा काढावा, दोन इंचांपेक्षा जाड थर होणार नाही अशा पसरट डब्यांत भरावा, आणि डबे परातीतल्या बर्फाच्या पाण्यात ठेवून रस्सा अधूनमधून ढवळावा. वाफ ओसरली की डबे फ्रीजमध्ये ठेवावेत आणि पूर्ण गार झाल्यावर फ्रीजरमध्ये हलवावेत. शिजल्यापासून दोन तासांच्या आत, आणि हवा ३२ अंशांहून गरम असेल तर तासाभरात, ते फ्रीजमध्ये गेलेच पाहिजेत. उणे १८ अंशांवर दीड महिना सहज निघतो.

उत्तर २ :
रश्श्यात बटाटा असेल तर तो काढून ठेवावा, कारण गोठवलेला बटाटा नंतर पाणी सोडतो आणि भुसभुशीत लागतो. ओल्या नारळाच्या वाटणाचा रस्सा फुटल्यासारखा दिसतो. तो मंद आचेवर ढवळत उकळला की पुष्कळसा जुळून येतो. रस्सा गोठताना फुगतो, म्हणून डबा काठोकाठ भरू नये. एका जेवणाला पुरेल एवढाच डबा करून त्यावर तारीख लिहावी. काढताना तो आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात उतरवावा, ओट्यावर नव्हे, आणि मग आतपर्यंत रटरटेल असा एकदाच गरम करावा.

उत्तर ३ :
पावसाळ्यात वीज जाते, त्याचाही विचार करावा. दार उघडले नाही तर पूर्ण भरलेला फ्रीजर साधारण ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास थंडी धरून ठेवतो. वीज आल्यावर मटणात बर्फाचे कण शिल्लक असतील तर ते पुन्हा गोठवता येते. तुम्ही गावी असताना वीज जाऊन आली तर कळावे म्हणून वाटीभर बर्फ करून त्यावर एक नाणे ठेवावे. ते तळाशी गेलेले दिसले, तर मधल्या काळात बर्फ वितळला होता असे समजून मटण टाकून द्यावे.

प्रश्नकर्ती :
आमचा फ्रीज एका दाराचा आहे आणि वरच्या बर्फाच्या कप्प्यात आइस्क्रीमसुद्धा मऊ राहते. तिथे चालेल का?

उत्तर १ :
नाही. आइस्क्रीम मऊ राहते याचा अर्थ तिथे उणे १८ अंश होत नाहीत, आणि अशा कप्प्याच्या भरवशावर मटण दीड महिना ठेवू नये. वेगळा काढलेला वाटा वर सांगितल्याप्रमाणे गार करून फ्रीजमध्ये ठेवावा आणि श्रावण लागण्यापूर्वी, जास्तीत जास्त तीन दिवसांत, संपवावा. त्याहून अधिक उरणार असेल तर त्याच दुपारी शेजारीपाजारी डबे पोहोचवावेत, किंवा या वर्षी मटणच चार किलो आणावे. सासूबाईंनाही हे कारण नीट सांगावे. नातवंडांना झालेला त्रास त्यांनीही पाहिलेला आहे.