राम सुतार यांची थोरवी पुतळ्यांच्या उंचीने मोजावी का?

मूळ विचार (छत्रपती संभाजीनगर)

शिल्पकार राम वनजी सुतार यांचे नाव निघाले की चर्चा नर्मदेकाठच्या सरदार पटेलांच्या १८२ मीटर उंच पुतळ्यावर जाऊन थांबते आणि २०१८ सालच्या त्या एका पुतळ्यापुढे त्यांचे आधीचे सहा दशकांचे काम झाकले जाते, याची मला मनापासून खंत वाटते. धुळे जिल्ह्यातील गोंदूर येथे १९२५ साली जन्मलेले सुतार मुंबईच्या जे. जे. स्कूलमधून सुवर्णपदक घेऊन बाहेर पडले आणि १९५४ ते १९५८ या काळात पुरातत्त्व खात्याच्या नोकरीत आपल्याच औरंगाबादेत होते. वेरूळ-अजिंठ्याच्या भग्न शिल्पांची डागडुजी हे त्यांचे काम होते. दुसऱ्याने हजार-दीड हजार वर्षांपूर्वी सोडलेल्या रेषेला आपली रेषा अशी जोडायची की सांधा दिसू नये, हे शिक्षण कोणत्याही कलाशाळेत मिळत नाही.

त्यानंतर लगेचच त्यांनी चंबळ नदीवरच्या गांधीसागर धरणाजवळ ४५ फुटी मातृमूर्ती उभी केली. चंबळ ही आई आणि तिला बिलगलेली दोन मुले म्हणजे मध्य प्रदेश व राजस्थान, अशी ती कल्पना आहे. माझ्या मते त्यांचे सर्वोत्तम काम तेच. पुढे नेत्यांच्या हुबेहूब पुतळ्यांची मागणी वाढत गेली आणि वेरूळात तयार झालेला तो हात चेहरेपट्टीत अडकून पडला.

प्रतिसाद १ (कलाशिक्षक, जालना)

धागाकर्त्यांच्या अभ्यासाबद्दल आदर राखूनही मी पूर्णपणे असहमत आहे. व्यक्तिशिल्पाला दुय्यम मानण्याची ही सवय ज्यांनी कधी शाडूच्या मातीत चेहरा घडवला नाही त्यांनाच परवडते. साम्य केसांत, मिशांत किंवा चष्म्यात नसते. ते कपाळाच्या हाडात, गालफडाच्या उतारात आणि मानेच्या कलात असते, हे मुलांना समजावताना वर्ष निघून जाते. सुतारांचा संसद परिसरातला ध्यानस्थ गांधी पाहा. १९९३ साली त्याचे अनावरण झाले. पाठीचा किंचित बाक, उघडे खांदे आणि मांडीवर विसावलेले हात एवढ्यावर तो सबंध माणूस उभा राहतो. कितीतरी खासदारांना निषेधासाठी त्याच्याच पायाशी बसावेसे वाटले, ही त्या शिल्पाची ताकद आहे.

मागणीबरहुकूम काम केले हा दोष मानायचा, तर कैलास लेणेही राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या आश्रयानेच झाले आहे.

प्रतिसाद २ (ओतकामाच्या व्यवसायातील एक, नांदेड)

दोन्ही बाजूंच्या बोलण्यात कारखान्याची बाजू सुटली आहे. सरदार पटेलांच्या पुतळ्यासाठी आधी लहान प्रतिकृती झाल्या, त्यांतल्या ३० फुटी प्रतिकृतीचे संगणकीय मोजमाप घेतले गेले आणि बाहेरचे कांस्याचे पत्रे चीनमध्ये ओतून आणले. आत काँक्रीटचे गाभे आणि पोलादी सांगाडा आहे. तेव्हा अंतिम पृष्ठभागावर शिल्पकाराचा अंगठा फिरलेला नाही, हे मान्य करावे लागेल.

परंतु निर्णय मात्र त्यांचेच आहेत. धोतर नेसलेला माणूस उभा केला की पायांशी बांधकाम अरुंद होते, वर शालीमुळे रुंद होते आणि वारा नेमका वर धरतो. पायघोळ झग्यातली मूर्ती अभियंत्यांना कितीतरी सोपी गेली असती. पटेल जसे उभे राहत तसेच ते उभे राहावेत म्हणून आत प्रत्येकी २५० टनांची दोन कंपनरोधक वजने बसवावी लागली. याला मी शिल्पकाराचा आग्रहच म्हणेन.

धागाकर्ता

जालन्याच्या सरांना उत्तर देतो. कृष्णराजाने विषय दिला असेल, आविर्भाव दिला नव्हता. कैलास लेण्यातला, कैलास पर्वत हलवणारा रावण पाहा: खाली वीस हातांची ती धडपड, वर घाबरून शिवाचा दंड धरणारी पार्वती, मागे पळत सुटलेली दासी, आणि या सगळ्यात शिव शांत. असे धाडस आजची पुतळा समिती करू देईल का? आपल्या मराठवाड्यात मागणीच फुटांत होते, आणि शेजारच्या तालुक्यापेक्षा आपला पुतळा उंच हवा हे आधी ठरते. कला संचालनालयाकडे मातीच्या नमुन्याला मंजुरी घ्यावी लागते, तिथेही रचनेवर बोलायला कोणाला वेळ असतो?

प्रतिसाद ३ (वाचक, परभणी)

उंचीला एवढे हलके लेखू नये, अशी माझी विनंती आहे. हैदराबादेत २०२३ साली बाबासाहेबांचा १२५ फुटी पुतळा उभा राहिला, तोही सुतारांच्याच हातचा. ज्यांच्या आजी-आजोबांना गावच्या पाणवठ्यावर जाता येत नव्हते, त्यांना मान वर करून आपला माणूस पाहायला मिळतो, तेव्हा उंची हाच त्या शिल्पाचा अर्थ असतो. चौकातला पुतळा कलादालनासाठी घडवलेला नसतो. शिवाय तो टिकावाही लागतो. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर २०२४ साली शिवरायांचा पुतळा कोसळल्यावर नवा ६० फुटी पुतळा घडवण्याचे काम नव्वदी ओलांडलेल्या सुतारांकडे आले, ते उगाच नव्हे.

धागाकर्ता

परभणीच्या ताईंचे म्हणणे मला पटते. हैदराबादच्या पुतळ्याविषयी मी वाद घालणार नाही. तरीही एक गोष्ट मनातून जात नाही. चंबळचे काम पाहून नेहरूंनी भाक्रा धरणासाठी श्रमिकांचे ५० फुटी कांस्यशिल्प सुचवले होते. सुतारांनी त्याची प्रतिकृती केली आणि निधीअभावी ते शिल्प तसेच राहिले. नाव नसलेल्या मजुरांच्या त्या शिल्पाला पैसे मिळाले असते, तर सुतारांच्या पुढच्या कामाची दिशा वेगळी असती, असे मला आजही वाटते. या मुद्द्यावर जालन्याच्या सरांचे मत वाचायला आवडेल.