दोघे सख्खे भाऊ गेले, तरी 'पँटेरा' हे नाव चालवावं का?

खर्जकर
२ डिसेंबर २०२२ ला मेक्सिकोतल्या टोलुकात पँटेरा हा अमेरिकन हेवी मेटल बँड पुन्हा मंचावर उभा राहिला. तेव्हापासून आमच्या मित्रांत हा वाद धुमसतोय, म्हणून इथे टाकतो. माझं म्हणणं सरळ आहे. गाणी खुशाल वाजवा, नाव दुसरं लावा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टेक्सासमधल्या आर्लिंग्टनला १९८१ साली विनी पॉल (ड्रम्स) आणि डॅरेल (गिटार) या ॲबट बंधूंनी हा बँड काढला. वडिलांचा रेकॉर्डिंगचा धंदा होता, त्यामुळे पोरांना स्टुडिओ घरचाच. सुरुवातीला फुगवलेले केस, चकचकीत कपडे, सगळा ग्लॅमचा थाट. गायक फिल अँसेल्मो येण्याआधीच तीन अल्बम निघाले होते. मग १९९० ला 'काउबॉइज फ्रॉम हेल' आला, १९९२ ला 'व्हल्गर डिस्प्ले ऑफ पॉवर', आणि १९९४ ला 'फार बियाँड ड्रिव्हन' थेट बिलबोर्डच्या (अमेरिकेतल्या विक्रीच्या यादीच्या) पहिल्या क्रमांकावर. रेडिओवाल्यांना पेलणारं हे संगीत नव्हे, तरी पहिला क्रमांक!

२००१ मध्ये युरोप दौऱ्यासाठी डब्लिनला पोचले आणि अमेरिकेत ११ सप्टेंबर घडलं. दौरा रद्द. फिल 'डाउन' आणि 'सुपरजॉइंट रिच्युअल' या आपल्या दुसऱ्या बँडांत रमला, भाऊ वाट बघत बसले, २००३ ला सगळं संपलं. ८ डिसेंबर २००४ ला ओहायोतल्या कोलंबसमध्ये डॅरेलला, म्हणजे सगळ्यांच्या 'डाइमबॅग'ला, मंचावरच गोळ्या घातल्या गेल्या. २०१८ ला विनीही गेला. आता त्यांच्या जागी गिटारवर झॅक वाइल्ड आणि ड्रम्सवर चार्ली बेनान्टे. ज्यांनी बँड काढला त्यांच्यातला एकही नाही, आणि पोस्टरवर नाव तेच.

डबलबास
एवढं लिहिलंत आणि रेक्स ब्राउनचं नावसुद्धा नाही! बेसवाल्याच्या नशिबी हेच. पहिल्या अल्बमपासून शेवटच्यापर्यंत प्रत्येक रेकॉर्डवर तो आहे, आणि आजही आहे. शिवाय ज्या तीन अल्बमांच्या जोरावर तुम्ही फिलला उपरा ठरवताय, ते बँडनेच पुढे अडगळीत टाकले होते. १९९० नंतर त्यांचं नावही काढत नसत. जगाला ठाऊक असलेला पँटेरा चौघांचा, त्यातले दोघे हयात आहेत. दोघा भावांच्या वारसांनी परवानगी दिली आहे. मग आपण कोण?

तालमीतली
मी ड्रम्स शिकवते, म्हणून कागदपत्रं सोडून कानाचं बोलते. विनी आणि डॅरेल लहानपणापासून एकाच घरात वाजवत वाढले. रिफ (गिटारची पुन्हा पुन्हा येणारी ओळ) कुठे किंचित रेंगाळणार हे ड्रमरला आधीच कळायचं, त्यामुळे त्या वजनदार, मध्यम लयीच्या जागा छातीवर आदळतात. विनीच्या बेस ड्रमचा तो टकटकीत, कोरडा आवाज तर माझे विद्यार्थी आजही मागतात. बेनान्टे मोठाच वादक, पण तो ॲन्थ्रॅक्स बँडचा, थ्रॅश मेटलच्या धावत्या लयीत घडलेला हात. चुकत नाही कुठेच, पण विनी मागे रेलायचा तिथे हा ताठ बसतो. झॅकचं व्हायब्रेटो (सुराला दिलेला कंप) तर दोन सुरांत ओळखू येतं, लपवतो म्हटलं तरी लपणार नाही.

तरी मी या लोकांच्या बाजूने आहे. डॅरेलची नक्कल करणारा कोणी तरुण उभा केला असता, तर ते मला जास्त खटकलं असतं. इथे मित्राची गाणी मित्र वाजवतोय, आणि ते ऐकू येतं.

रात्रपाळी
नाव, वारस, लय, सगळं बाजूला ठेवा. जानेवारी २०१६ मध्ये डाइमबॅगच्याच स्मरणार्थ झालेल्या कार्यक्रमात फिलने नाझी सलाम ठोकला आणि 'व्हाइट पॉवर' ही गोऱ्यांच्या वर्चस्वाची घोषणा दिली. व्हिडिओ आहे. २०२३ च्या सुरुवातीला रॉक आम रिंग आणि रॉक इम पार्क या जर्मनीतल्या महोत्सवांनी पँटेराला यादीतून काढलं ते उगाच नाही. आपण सावळी माणसं त्याच्या नावाचे टीशर्ट घालून फिरतो, हे विचित्र नाही वाटत?

डबलबास
त्याने माफी मागितली होती, रात्रपाळी.

रात्रपाळी
मागितली. आधी मात्र व्हाइट वाइनवर केलेला विनोद होता म्हणून सांगून पाहिलं. माफी स्वीकारायची की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं, मी रेकॉर्ड ठेवल्या आणि टीशर्ट दिला टाकून.

खर्जकर
डबलबास, वारसांच्या सहीने कायद्याचा प्रश्न मिटतो, माझा नाही. २००४ च्या शेवटी एका इंग्लिश मासिकात फिलची मुलाखत आली, डाइमबॅगला चांगला चोप मिळायला हवा अशा अर्थाची. त्याच सुमारास डाइमबॅग मारला गेला. खुन्याशी फिलचा काडीचा संबंध नव्हता, पण अंत्यविधीला येऊ नकोस असा निरोप त्याला गेला. पुढची चौदा वर्षं विनीने त्याच्याशी समेट केला नाही. पुनर्मीलनाचे पैसे डोळ्यांसमोर असताना केला नाही! विनी गेल्यावर चार वर्षांत घोषणा. ज्याचा नकार होता तोच उरला नाही, म्हणून रस्ता मोकळा झाला.

तालमीतली
हा मुद्दा बोचरा आहे आणि बरोबरही. पण भांडण फक्त २००१ नंतरचं म्हणू नका. १९९६ च्या अल्बमला फिलने न्यू ऑर्लिन्समध्ये गाऊन टेप भरल्या आणि बाकी तिघे टेक्सासमध्ये वाजवत होते. त्याच वर्षी डॅलसच्या शोनंतर हेरॉइनच्या अतिसेवनाने त्याचं हृदय काही मिनिटं थांबलं होतं. पाठदुखी, दारू, अफूजन्य गोळ्या, सगळं साचत होतं.

बाकी झॅक स्वतःच याला पँटेराचा उत्सव म्हणतो. तेवढं तिकिटावर छापलं तर तुमची तक्रार संपेल का, खर्जकर? आपले नाटकवाले 'नव्या संचात' असं ठळक छापतातच की.

खर्जकर
नव्वद टक्के संपेल.

डबलबास
आणि मेटॅलिकासारख्या बड्या बँडच्या दौऱ्यात 'पँटेराचा उत्सव' या नावाने त्यांच्याआधी वाजवायची जागा मिळाली असती असं वाटतं तुम्हाला? नाव विकलं जातं म्हणून नाव आहे. शेवटचा जुना शो ऑगस्ट २००१ मध्ये जपानला झाला, तेव्हा जन्मलेली पोरं आता पहिल्या रांगेत ढकलाढकली करतात. त्यांनी काय यूट्यूबच बघायचं?

खर्जकर
पोरांनी जरूर जावं, घसा बसेपर्यंत ओरडावं. पैसे कोणाच्या नावावर घेतले जातायत, एवढंच मी विचारतोय.