हरित वीज, पण कोणाच्या पाण्यावर?

वर कुणीतरी म्हटलंय की जलविद्युत नवीकरणीय, म्हणून नदीला निर्धोक. हे काही पटलं नाही. मार्च 2019 पर्यंत आपल्याकडे 25 मेगावॉटपर्यंतचेच जलविद्युत प्रकल्प नवीकरणीय धरत. मग मोठेही त्यात आले. नदी तीच, फक्त कागदावरचं नाव बदललं. आणि 25 मेगावॉटखालच्यांना तर केंद्र सरकारच्या 2006 च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरीही लागत नाही.

पुणेकरांनी मुळशी धरण आठवावं. पूर्वेला वाहणाऱ्या मुळेचं पाणी घाट उतरून भिऱ्याच्या वीजकेंद्रात जातं, वीज करतं आणि कोकणातल्या कुंडलिका नदीत पडतं. (कोलाडचं राफ्टिंग त्याच पाण्यावर!) 1921 साली मुळशीच्या मावळी शेतकऱ्यांनी या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला तो जमिनीसाठी, नदीची बाजू मांडायला तेव्हा कुणीच नव्हतं. नवीकरणीय म्हणून सवलत देताना धरणाखालच्या नदीत किती पाणी सोडणार, एवढं तरी आधी विचारा.