सल्ला हवा: कॉलेजच्या ग्रंथालयात जुने गेम कसे जपायचे? (बडोदा)

रावपुऱ्याची_ताई:
मंडळी, बडोद्यात एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. निवृत्त झालेल्या एका प्राध्यापकांनी दोन खोकी आणून दिलीत. फ्लॉप्या, टीव्ही गेमच्या कॅसेटी, मासिकांबरोबर यायच्या त्या सीड्या, शिवाय सायबर कॅफेचं जुनं रजिस्टर. आमचे ग्रंथपाल म्हणतात, "ही खेळणी कुठल्या कपाटात ठेवू?" सुरुवात कुठून करू?

खंडेराव:
नेटवर सगळं फुकट मिळतं की. भंगारात द्या.

फ्लॉपीवाला:
कुणीतरी उतरवून ठेवलं म्हणून मिळतं, खंडेराव! अमेरिकेत २०१० च्या आधी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आज रीतसर विकत मिळत नाहीत, असं व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ मध्ये दाखवून दिलंय. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' १९८९ चा. त्याचा मूळ सोर्स कोड २०१२ मध्ये सापडला तो, गेम बनवणाऱ्या जॉर्डन मेकनरच्या वडिलांकडच्या एका खोक्यात.

ताई, "चालते का बघू" म्हणून एकही फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालू नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशी धरते. पत्र्याची झडप सरकवून चकतीवर पांढुरके डाग आहेत का पाहा. डागाळलेली फिरवलीत तर ड्राइव्हचं हेड खराब होतं, मग पुढची फ्लॉपीही गेली. स्वच्छ असतील त्यांचा कोपऱ्यातला खटका सरकवून भोक उघडं करा, म्हणजे चुकून काही लिहिलं जाणार नाही. मग ग्रीसवीझल नावाचं छोटं सर्किट मागवा. ते फायलींपुरतं न थांबता चकतीवरच्या चुंबकीय खुणाच जशाच्या तशा उतरवतं.

ग्रंथपालांना सांगा, मिशिगन विद्यापीठाच्या ग्रंथालयात २००८ पासून गेमचा वेगळा संग्रह आहे.

वकीलकाकू:
जरा थांबा. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये ग्रंथालयांना जपणुकीसाठी डिजिटल प्रत ठेवायची सवलत आहे, पण हाताशी 'डिजिटल नसलेली' प्रत असेल तरच. पुस्तकाचं ठीक, फ्लॉपीचं काय करणार? प्रोग्रामच्या बॅकअपची मुभा वैध प्रत असणाऱ्याला, आणि त्या '९९९९ इन १' कॅसेटी तर मुळातच चोरीच्या. कॉलेजच्या वकिलांना विचारून घ्या, आणि नेटवर काही चढवू नका. अमेरिकेतल्या ग्रंथालयांनी संशोधकांना घरबसल्या गेम दाखवायची परवानगी मागितली, तीही २०२४ मध्ये नाकारली गेली.

दांडियाबाजार:
माझं मत विचाराल तर आधी ते रजिस्टर. गेम कुठे ना कुठे मिळेल. कुठला पोरगा किती वाजता येऊन किती तास बसायचा, हे दुसरीकडे कुठे मिळणार? नावं-फोन झाकूनच दाखवा मात्र. आणि त्या प्राध्यापकांना खेळायला बसवून बोलतं करा, रेकॉर्डिंग ठेवा.

रावपुऱ्याची_ताई:
शनिवारी बोलावलंय त्यांना. एक कॅसेट उघडली, आत चिप नाहीच, नुसता डांबरासारखा काळा ठिपका. हे वाचता येतं?

फ्लॉपीवाला:
चिप त्या ठिपक्याखालीच असते. वाचतात ते कडेच्या पिनांवरून. ठिपका खरवडू नका!