संदेश चांगला, पण सिनेमाचं काय?

ख्रिस्ती चित्रपटात संदेश पोचला की झालं, कला थोडी उणी असली तरी चालतं, असं काही जण म्हणतात. मला नाही पटलं.

इटालियन दिग्दर्शक पासोलिनी मार्क्सवादी, स्वतःला नास्तिक म्हणवणारा. १९६४ साली त्याने बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानावर, म्हणजे येशूच्या चरित्रावर, कृष्णधवल चित्रपट केला. नट बहुतेक हौशी, संवाद शुभवर्तमानातलेच, आणि येशूची आई, उतारवयातली मरिया, म्हणजे त्याची स्वतःची आई. क्रुसाजवळचा तिचा आक्रोश बघताना ‘आता रडा’ असं कुणी सांगावं लागत नाही.

आणि पुणेकरांनी इटलीपर्यंत तरी का जावं? आज जिथे एफटीआयआय ही चित्रपट शिकवणारी संस्था आहे, त्याच आवारात ‘प्रभात’ फिल्म कंपनीने १९३६ मध्ये ‘संत तुकाराम’ काढला. पागनीसांचा तुकाराम गोडच (आमच्या आजीने तर त्यांना हात जोडले असते!), पण त्याची भक्ती खरी वाटते ती गौरी या नटीने रंगवलेल्या आवलीमुळे, म्हणजे तुकारामाच्या बायकोमुळे. पोरांच्या भुकेने कावलेली, विठोबालाच फैलावर घेणारी बाई. हल्लीच्या बऱ्याच ख्रिस्ती चित्रपटांत ही आवलीच नसते. एखादा शंकेखोर असलाच, तर मध्यंतरानंतर लगेच गुडघे टेकून मोकळा होतो.